चांगला कान वाटेकडे

माझ्या उजव्या कानाला काहीच ऐकू येत नाही. डाव्याला मशीन लावलं, बोलणाऱ्याचं तोंड दिसत असलं आणि शेजारी मिक्सर चालू नसला, तर बरंचसं कळतं. मी वेंगुर्ल्यात शिवणकाम करते. गिऱ्हाइकं जुनी. या बाईशी बोलायचं तर आधी टेबलावर टकटक करायची, हे सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे गावात असताना आपण बहिऱ्या आहोत हे माझ्या ध्यानातही नसतं. ते ध्यानात आलं जानेवारी २०२५ मध्ये, बेंगळुरूहून लेकीने व्हिडिओ कॉलवर विचारलं तेव्हा. "आई, एकटी येशील?"

तिचे दिवस फेब्रुवारीत भरत होते. इकडे कलमं मोहरलेली, फवारणी सोडून घरच्यांना हलता येत नव्हतं. रेल्वेने जायचं तर मध्ये गाडी बदलायची, आणि ऐन वेळी प्लॅटफॉर्म बदलला तर तो कळतो भोंग्यावरून. राहिलं विमान. चिपीचा विमानतळ आमच्याच तालुक्यात. ९ ऑक्टोबर २०२१ ला त्याचं उद्घाटन झालं तेव्हा वाटलं होतं, आता काय, पायात चपला घातल्या की विमान. पण मला हव्या त्या दिवशी तिथून बेंगळुरूला काही नव्हतं. म्हणून गोव्यातला मोपाचा विमानतळ. घरून गाडीने दीड तास.

सासूबाईंना सांगितलं तर त्यांनी माझ्यासमोर येऊन, हनुवटी वर करून विचारलं, "एकटीच जातलंस गो? कोणी साद घातल्यान तर कसा कळतला तुका?"

प्रश्न बरोबरच होता. पुढचे चार आठवडे मी त्याचंच उत्तर शोधत होते म्हणा ना.

९ जानेवारीला लेकीने तिकीट काढलं. ६ फेब्रुवारी, दुपारी एक वीसचं विमान, ४,२८० रुपये. मग सीट निवडायचा नकाशा उघडला. तीन-तीन सीटच्या रांगा आणि मधून वाट. डावीकडे ए, बी, सी. उजवीकडे डी, ई, एफ. माझे गुडघे शिलाई मशीनवर बसून बसून आखडलेले. त्यामुळे दोघींनीही बघितलं ते एकच, पाय कुठे पसरता येतील. बाराव्या रांगेत जागा ऐसपैस होती. साडेसातशे रुपये जास्तीचे भरून १२ डी घेतली. पैसे भरण्याआधी एक लांबलचक मजकूर आला होता, त्याखाली टिकमार्क करायचा होता. लेकीने केला. तो मजकूर वाचला असता तर पुढचे दोन आठवडे वाचले असते.

बाराव्या रांगेत पाय पसरायला जागा असते, कारण तिथे आणीबाणीचं दार असतं. तिथे बसणाऱ्याने वेळ आली तर कर्मचाऱ्यांची सूचना ऐकून दार उघडायचं असतं. म्हणजे ऐकू न येणाऱ्याला ती सीट मिळत नाही. त्यात मला अपमान वाटला नाही. माझ्या हातात ते दार देऊन इतरांनी माझ्या कानांवर का विसंबावं? पण तिकीट काढताना 'ऐकू येतं का' एवढं तीन शब्दांत विचारलं असतं, तर आम्ही सरळ 'नाही' म्हणून पुढे गेलो असतो.

हे कळलं कसं, तेही सांगते. विमान कंपन्यांकडे मदत लागणाऱ्या प्रवाशांसाठी चार अक्षरांचे कोड असतात. चालता न येणाऱ्यांसाठी वेगळे, दृष्टिहीनांसाठी वेगळा, आणि ऐकू न येणाऱ्यांसाठी 'डीईएएफ'. हा कोड आपल्या तिकिटावर पडला की काउंटरवाल्यांपासून विमानातल्या मुलींपर्यंत सगळ्यांना आधीच कळतं. त्याचे पैसे पडत नाहीत. डीजीसीए, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं, त्यांच्या नियमाप्रमाणे मदत हवी असल्यास किमान ४८ तास आधी कळवायचं असतं. मी चांगले पंधरा दिवस आधी कळवायला बसले. तर कळवायचं कसं? हेल्पलाइनला फोन करून!

बहिऱ्या माणसाने 'मी बहिरा आहे' हे फोनवर सांगायचं. माझ्या पुतण्याने फोन लावला. पलीकडून म्हणाले, प्रवाशाशीच बोलावं लागेल. तो म्हणाला, अहो त्यांना ऐकू येत नाही म्हणूनच फोन केलाय. पलीकडचा म्हणाला, सर, सुरक्षेच्या कारणासाठी प्रवाशाशीच बोलावं लागेल. सतरा मिनिटं हे चाललं. मी समोर बसून पुतण्याच्या चेहऱ्याचे बदलते रंग बघत होते आणि एका ब्लाउजला हुक लावत होते. शेवटी २१ जानेवारीला ईमेल केला. तिकिटाचा नंबर, तारीख, नाव आणि एकच मागणी, 'डीईएएफ' कोड टाका. सोबत यूडीआयडी कार्डाचा दोन्ही बाजूंचा फोटो जोडला. हे अपंगत्वाचं ओळखपत्र मी मागेच करून घेतलं होतं. ओरोसला जिल्हा रुग्णालयात जाऊन, बंद खोलीत कानाला हेडफोन लावून, आवाज आला की बटण दाबायची ती तपासणी देऊन. तुमच्याकडे नसेल तर प्रवासाच्या तोंडावर त्याच्या मागे लागू नका, वेळ जातो. डॉक्टरचा रिपोर्ट असला तरी जवळ ठेवा.

चार दिवसांनी उत्तर आलं. कोड टाकला आहे. त्यामुळे १२ डी रद्द केली आहे. पैसे परत करण्याची प्रक्रिया सुरू आहे. नवी सीट २४ ई.

२४ ई म्हणजे मागची, आणि मधली. ई वर बसलं की उजवीकडे एक माणूस, डावीकडे एक माणूस, आणि वाटेतून जाणारी मुलगी बोलते ती माझ्या शेजाऱ्याच्या डोक्यावरून. शिवाय इंजिनं पंखांखाली, आणि त्यांचा आवाज मागच्या रांगांत जास्त. ज्यांना ऐकू येतं ते म्हणतील, बहिऱ्या बाईला आवाजाचं काय? मशीन लावणाऱ्यांना विचारा. मशीनला बोलणं आणि घरघर यांतला फरक माणसाच्या मेंदूइतका कळत नाही. ते सगळंच मोठं करून कानात ओततं.

आता सीट नीट निवडायची असं ठरवलं. पण नकाशावर बोट ठेवून काही उमजेना. तेव्हा पुतण्याच म्हणाला, "काकी, खुर्च्या मांडूया."

रविवारी दुपारी पडवीत सहा खुर्च्या मांडल्या. तीन इकडे, तीन तिकडे, मधे वाट. सासूबाई आणि शेजारची दोन पोरं प्रवासी. पुतण्या एअर होस्टेस, हातात पाण्याचा तांब्या. तो वाटेतून यायचा, एक वाक्य पुटपुटायचा आणि मी काय कळलं ते सांगायचं.

ए वर, म्हणजे डावीकडच्या खिडकीशी, काहीच कळलं नाही. माझा एकुलता एक कान भिंतीला लागलेला आणि बहिरा कान सगळ्या जगाकडे. एफ वर कान बरोबर बाजूला, पण मध्ये दोन माणसं. सासूबाईंनी मान जरा पुढे केली की पुतण्याचं तोंड दिसेनासं व्हायचं. सी वर तर मोठीच गंमत झाली. तो अगदी शेजारी उभा, हात लांब केला तर लागेल इतका जवळ, पण उजव्या बाजूला. त्याने तीनदा विचारलं आणि मला तो आलेलाच कळला नाही, पोरं हसायला लागली तेव्हा कळलं. मग डी. वाट डावीकडे, कान डावीकडे, मान थोडी वळवली की पूर्ण चेहरा. पाचांतली चार वाक्यं बरोबर!

तेव्हा हिशोब असा. डाव्या कानाने बरं ऐकू येत असेल तर डी, उजव्याने येत असेल तर सी. दोन्ही कानांनी सारखंच येत नसेल तर दोन्हींतली कुठलीही, पण वाटेकडची. सोबत कोणी असेल तर गणित बदलतं, कारण मग चांगला कान सोबत्याकडे ठेवायचा की वाटेकडे, हे ठरवावं लागतं. मी वाटेकडेच ठेवला असता. सोबतचं माणूस कोपराने ढोसू तरी शकतं.

अजून एक गोष्ट पडवीने शिकवली. पुतण्या अंगणाकडे पाठ करून उभा राहिला की मागच्या उन्हाने त्याचा चेहरा काळा पडायचा, ओठ दिसायचे नाहीत. तसं विमानात झालं तर? त्यावर उपाय मला नंतर प्रत्यक्ष विमानात सापडला. डोक्यावर वाचायचा छोटा दिवा असतो, तो लावून ठेवायचा. कोणी वाकून बोलायला लागलं की उजेड नेमका त्याच्या तोंडावर पडतो. आणि विमान शक्यतो दिवसाचं घ्यावं. रात्री उडताना आणि उतरताना आतले दिवे मंद करतात, मग ओठ वाचायचे कुठून?

रांग कुठली घ्यायची यावर दोन दिवस गेले. पहिल्या रांगेतून सगळं छान दिसतं, विमानातल्या मुलींची बसायची जागाही समोरच, तोंड आपल्याकडे. पण पहिल्या रांगेपुढे दुसरी सीट नाही, त्यामुळे पायाशी पिशवी ठेवता येत नाही, उडताना आणि उतरताना सगळं वरच्या कप्प्यात जातं. माझे सेल, चष्मा, वही सगळं वर गेलं तर मी काय करणार? आणि ती सीट महागही होती. शेवटी ३ डी घेतली, ३५० रुपयांना. बदल करा म्हणून पुन्हा ईमेल, पुन्हा तीन दिवस. २ फेब्रुवारीला तिकिटावर ३ डी आणि 'डीईएएफ' दोन्ही दिसलं तेव्हा मी बॅग भरायला घेतली.

बॅगेत डिंकाचे लाडू, कुळथाचं पीठ, आमसुलं, तिरफळं, बाळंतिणीसाठी सुकं खोबरं. हातातल्या पिशवीत कानाच्या मशीनच्या सेलच्या दोन पट्ट्या, निळ्या रंगाचे ६७५ नंबरचे. मशीन आणि सेल मोठ्या बॅगेत कधी घालू नका. बॅग चुकली तर परक्या गावात मुक्याने बसायची वेळ. आणि एक जाड कागद, घडी घातलेला. त्यावर पुतण्याने मराठी, हिंदी, इंग्रजीत लिहून दिलं होतं. 'मला ऐकू येत नाही. खांद्याला हात लावा. समोर येऊन, सावकाश बोला. नाही कळलं तर लिहून दाखवा.' 'जोरात बोला' असं मुद्दाम लिहिलं नाही. जोरात बोलताना लोकांचे ओठ वेडेवाकडे होतात आणि आजूबाजूचे सगळे आपल्याकडे बघतात.

६ फेब्रुवारीला साडेदहाला मोपाला पोचले. काउंटरवर नाव सांगितलं. मुलीने पडद्यावर बघितलं, माझ्याकडे बघून गोड हसली आणि कोणाला तरी हात केला. एक मुलगा चाकाची खुर्ची घेऊन आला.

मी मागे वळून बघितलं, कोणासाठी आली म्हणून. ती माझ्यासाठीच होती. पाय धड आहेत हो माझे, म्हटलं, कान गेलेत. मुलगा गोंधळला. त्याच्या कागदावर 'मदत' लिहिलेलं, आणि मदत म्हणजे त्याच्या लेखी खुर्ची. हे पुष्कळ बहिऱ्या लोकांच्या बाबतीत होतं, असं मला पुढे कळलं. रागावू नका, पण बसूही नका. मी त्याला कागद दाखवला. त्याने वाचला, खुर्ची बाजूला लावली आणि मला आत जायची वाट दाखवली.

पुढे त्याचाच उपयोग झाला. सिक्युरिटीच्या रांगेत उभी होते, तर तो पोरगा धावत आला, खांद्याला हात लावला आणि दोन्ही पंजे जोडून वाटी केली. मग ती वाटी फोडल्यासारखं केलं. मला काही कळेना. मग त्याने फोनवर टाइप करून दाखवलं. 'खोबरं'. विमानात टाकायच्या बॅगेत सुकं खोबरं चालत नाही. तेलकट असतं, तापून पेट घेऊ शकतं म्हणून. यंत्रात ते दिसलं आणि माझ्या नावाचा पुकारा झाला होता. पुकारा! कोड नसता आणि हा पोरगा नसता, तर बॅग तिथेच राहिली असती आणि मी बेंगळुरूला पट्ट्याजवळ वाट बघत बसले असते. चार वाट्या खोबरं तिथेच ठेवून आले. कोकणातून जाणाऱ्या समस्त आयांनी हे ध्यानात ठेवावं.

सिक्युरिटीत मशीन काढायला लागलं नाही. मी स्वतःच कानाकडे बोट दाखवलं. पडद्याआडच्या बाईंनी हातातलं यंत्र कानाजवळ नेलं, माझं मशीन शिटीसारखं किंचाळलं, त्या दचकल्या, मी हसले. तुम्हाला काढायला सांगितलंच तर ट्रेमध्ये सुटं टाकू नका, डबीत घाला.

गेटजवळ बसल्यावर मी माझी जुनी युक्ती वापरली. काउंटरवर आपल्याच विमानाच्या रांगेत असलेलं एक माणूस हेरून ठेवायचं, ते उठलं की आपण उठायचं. जांभळ्या साडीतल्या एक बाई हेरल्या होत्या. त्या उठल्या, मी उठले, त्यांच्यामागे गेले आणि वडापावच्या काउंटरवर पोचले. तेव्हा नजर पडद्यावरच ठेवलेली बरी. गेटवरच्या मुलीलाही कागद दाखवून ठेवला. विमान सुटायचं झालं तेव्हा ती स्वतः येऊन खुणेने बोलावून गेली.

आत ३ डी वर बसले. एक मुलगी आली, वाटेत गुडघ्यावर बसली, चेहरा माझ्या उंचीला आणला. पडवीत पुतण्याने हे केलं नव्हतं! तिने सुरक्षेचं कार्ड उघडून एकेका चित्रावर बोट ठेवलं, पट्टा, मास्क, सीटखालचं जॅकेट. पुढच्या दाराकडे हात करून तीन बोटं दाखवली, मागचं दार कुठे तेही दाखवलं. मग विचारलं, काही झालं तर कसं सांगू? मी खांद्यावर थाप मारून दाखवली. सगळ्यांसाठी प्रात्यक्षिक झालं तेव्हा ते डोक्यापासून पायापर्यंत दिसलं. त्या प्रवासात माझ्याकडून काही निसटतंय असं एकदाही वाटलं नाही.

उजवीकडे ई वर म्हापशाचे एक काका होते. त्यांना बसल्या बसल्या सांगितलं, या बाजूने ऐकू येत नाही, बोलायचं असेल तर हात लावा. त्यांनी हात जोडले आणि झोपले.

उडताना मशीनचा आवाज कमी केला. उतरताना डावा कान दडला, आवळकाठी चघळत राहिले, गिळत राहिले. मशीनचा कानातला साचा घट्ट बसतो, तो जरासा सैल केल्यावर बरं वाटलं. सर्दी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. जावईबापू बाहेर पाटी घेऊन उभे होते. पाटीवर काय लिहावं? 'आई, इकडे.'

नात ११ तारखेला झाली. ते वेगळं लिहीन.

९ मार्चला विहीणबाई आल्या आणि मला सुटका मिळाली. शिमग्याला घरी पोचायचंच होतं. ११ मार्चचं तिकीट काढलं, यावेळी छोटं, पंख्यांचं विमान, एटीआर. दोन-दोन सीटच्या रांगा, मधली सीटच नाही, म्हणून मी खूश. पण इथले नियम उलटे. पंखे पुढच्या भागाला, त्यामुळे पुढे घरघर आणि थरथर, मागे शांत. आणीबाणीची दारंही पुढच्या बाजूला, म्हणजे पहिली रांग आमच्यासाठी बाद. चढायचं मागच्या दाराने. मी विचार करून मागून तिसरी रांग घेतली, उजवीकडची, वाटेकडची.

बेंगळुरूच्या विमानतळावर चौकशीच्या टेबलाशी मी सूर्यफुलांचा पट्टा मागून घेतला. हिरवी रिबन, तिच्यावर पिवळी सूर्यफुलं, गळ्यात घालायची. वरून न दिसणारं अपंगत्व असलेल्यांसाठी ही पद्धत २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली, बेंगळुरूला २०२३ पासून आहे. तो पट्टा बघून सिक्युरिटीतली मुलगी आपणहून समोर येऊन बोलली. कोणी चाकाची खुर्ची आणली नाही.

विमान खरंच मागे शांत होतं. मशीन चालू ठेवून बसता आलं. पण माझा हिशोब एका जागी चुकला. विमानातली मुलगी बसते मागे, माझ्या पाठीमागे. उतरायची वेळ झाली आणि विमान उतरेना. एक फेरी, दुसरी फेरी. खाली एकदा समुद्र, एकदा डोंगर, परत समुद्र. सगळ्यांनी माना वर केल्या, म्हणजे काहीतरी घोषणा झाली. मी मागे वळले तर मुलगी पट्टा लावून बसलेली, तोंड दिसत होतं पण इतकं तिरकं की ओठ कळेनात. पोटात गोळा आला. चाळीस माणसांना ठाऊक आहे आणि मला नाही, हे माझ्या ओळखीचं आहे, पण जमिनीवरचं. शेजारी कॉलेजची मुलगी होती. तिला कागद दाखवला. तिने फोनवर लिहिलं, 'धावपट्टी रिकामी नाही, १० मिनिटं.' मग स्वतःहून पुढे लिहिलं, 'काकू, उतरलो की सांगते.' उतरलो ते मलाही कळलं असतं, पण मी मान हलवली.

पुढच्या खेपेला एटीआरमध्ये मधली रांग घेईन. थोडी घरघर सोसेन. आणि शेजाऱ्याला कागद आधीच दाखवीन, गरज पडल्यावर नव्हे.

दारात पोचले तर पडवीत त्या सहा खुर्च्या तशाच होत्या, महिनाभर कोणी हलवल्या नव्हत्या. सासूबाई डी वर बसून तांदूळ निवडत होत्या.

राहिले ते साडेसातशे रुपये. २१ मार्चला जमा झाल्याचा मेसेज आला. जमा ६५९. उरलेले कसले कापले हे विचारायचं असल्यास हेल्पलाइनवर फोन करा, असं त्याखाली लिहिलं होतं.